प्रशिक्षकाच्या निम्म्या पगारात

१२ जानेवारी

व्याहीबुवा,

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नका. तुमच्याकडून परत आलो त्याला महिना होत आला आणि सुखरूप पोचल्याच्या दोन ओळीसुद्धा मी टाकल्या नाहीत. लिहायला बसायचो आणि कागद फाडायचो. लिहायचं असायचं पोचल्याचं, आणि हात भलतंच लिहायचा. फोन करा म्हणाल, तर फोनवर मला अर्धंच ऐकू येतं. उरलेलं मी मनाने भरतो, आणि माझं मन कसं आहे ते तुम्ही जाणता. शिवाय तुम्ही फोन कायम स्पीकरवर टाकता, म्हणजे सगळं घर ऐकतं.

तर आता ते भलतंच लिहितो.

शाळेने फुटबॉलचा कप जिंकला, प्रशिक्षक म्हणून जावईबापूंना पोरांनी खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली, मला आनंदच झाला. त्यांचा गुडघा दुखावेल म्हणून मी ओरडतही होतो, पण कोणी ऐकलं नाही. मग घरी जेवताना आमची लेक सहज म्हणाली, "बाबा, यांचा पगार वाढवलाय संस्थेने. आता माझ्या दुप्पट." तुम्ही हसलात. जावईबापू ताटात बघत राहिले. मी घास हातात धरून बसलो.

व्याहीबुवा, ती लग्नाआधीपासून त्याच शाळेत गणित शिकवते. खडूने तिच्या बोटांची सालं निघतात. रविवारी दुपारी तुम्ही सगळे टीव्हीसमोर असता आणि ती पलंगावर वह्यांचा ढीग घेऊन बसलेली असते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिच्या दुप्पट कोणाला, तर शिट्टी वाजवणाऱ्याला? जावईबापूंबद्दल माझं काही म्हणणं नाही, माणूस लाखात एक आहे. पण हा हिशेब कोणत्या शहाण्याने केला? मी सातवीत शाळा सोडली आणि दुकानांच्या पाट्या रंगवून संसार केला. अक्षर वळवायला एका मास्तरांनी शिकवलं म्हणून मला आयुष्यभर दोन घास मिळाले. लाथ मारायला शिकवलं असतं तर काय दुकानदारांना लाथा मारत फिरलो असतो?

येताना हेडमास्तर भेटले. सभागृहातल्या काळ्या लाकडी बोर्डावर कपाचं वर्ष आणि जावईबापूंचं नाव सोनेरी रंगात काढून द्या म्हणाले. "हात अजून चालतो ना, काका?" हात चालतो, डोकं चालत नाहीये एवढंच. थंडी कमी झाली की येईन.

तुमचं मत कळवा. आणि स्वयंपाकघरातल्या शेगडीची नळी बदललीत का तेही कळवा. मला त्या दिवशी वास आला होता.

तुमचा व्याही

२२ जानेवारी

पेंटरसाहेब,

नळी बदलली. वास शेगडीचा नव्हता, माझ्या गुडघ्याला लावायच्या तेलाचा होता.

आता मताचं. मी जन्मभर बस चालवली. माझ्या शेजारी बसून तिकिटं फाडणारा कंडक्टर माझ्यापेक्षा जास्त शिकलेला होता, पण ब्रेक लागला नाही तर लोक शिव्या मला द्यायचे. तसंच आहे हे. तुमच्या लेकीच्या वर्गातली चार पोरं नापास झाली तर तिला कोणी काढतं का? पोरांनाच काढतात! माझा पोरगा एक मॅच हरू दे, पुढच्या वर्षी त्याच्या जागी दुसरा उभा असेल. त्याचा करार एका वर्षाचा असतो. सूनबाईंची नोकरी निवृत्तीपर्यंत. ही दुप्पट त्या भीतीची किंमत आहे, शिट्टीची नाही. पहाटे अंधारात उठून जातो तो. गुडघे म्हणाल तर माझ्यापेक्षा त्याचे म्हातारे झालेत.

आणि तक्रार करतंय कोण? ज्यांचा पगार आहे ते दोघं काही बोलत नाहीत. घरात पैसा एकाच डब्यात पडतो. तुम्ही तिकडे रक्तदाब वाढवून घेताय फुकटचा.

एक मात्र आहे. सध्या घरात जरा शांतता आहे. टीमचा गोलकीपर सूनबाईंच्या गणितात नापास झालाय, आणि नापास पोराला पुढच्या स्पर्धेच्या सेमीफायनलला उतरवता येत नाही असा नियम आहे. मागच्या आठवड्यात संस्थेचे सेक्रेटरी घरी येऊन बसले होते. मी दुपारचा झोपलो होतो, काय बोलणं झालं माहीत नाही. तेव्हापासून दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत. "मीठ दे", "किल्ली कुठंय", एवढंच. थकली असतील. तुम्ही लगेच घोर लावून घेऊ नका.

तुमचा (कंडक्टरपेक्षा कमी शिकलेला) व्याही

५ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

घोर लावून घेऊ नका म्हणता आणि असं लिहिता! दुपारी झोपता तरी कसे तुम्ही? घरात सेक्रेटरी येऊन बसतो, सुनेला मार्क वाढव म्हणून दम देतो, नवरा त्याच्या बाजूने बोलतो, आणि सासरे घोरताहेत! मला सगळं डोळ्यांपुढे दिसतं. ज्याला दुप्पट पगार तो वरचा, आणि वरच्याने सांगायचं, खालचीने ऐकायचं. मी लेक दिली ती जावयाच्या कपासाठी मार्क वाटायला नाही.

रागाने लिहितोय, माफ करा. पण राग खरा आहे.

परवा मी शाळेत येऊन बोर्ड करून गेलो. तुमच्याकडे आलो नाही, कारण आलो असतो तर जावईबापूंना काहीतरी बोलून बसलो असतो. तुमचं पत्र सगळा वेळ मनात होतं. मी शिडीवर, हेडमास्तर खाली उभे.

"सरांचं नाव जरा ठळक घ्या," ते म्हणाले.

मी विचारलं, "आणि शिकवणाऱ्यांचा बोर्ड कुठे लावणार?"

ते हसले. "काका, शिक्षक पुष्कळ आहेत. भिंत एकच आहे."

बिचारे वाईट नाहीत. त्यांचाही पगार जावईबापूंपेक्षा कमीच असणार. पण बोलले ते माझ्या काळजाला लागलं. मग ते गेले, मी काम पुरं केलं. नावाखाली थोडी जागा उरली होती, ती मी रिकामी सोडली नाही, एवढंच सांगतो. रंग वाळेपर्यंत धूळ बसू नये म्हणून वरून कापड टाकलंय. कार्यक्रमाच्या दिवशी कापड काढतील तेव्हा सगळ्यांना दिसेल. अक्षर मात्र चांगलं आलंय. 

लेकीला यातलं काही सांगू नका.

तुमचा व्याही

१६ फेब्रुवारी

पेंटरसाहेब,

काय करून ठेवलंत हो हे!

सभागृह भरलेलं. पुढच्या रांगेत देणगीदार, आईबाप, शिक्षक. संस्थेच्या चेअरमननी कापड ओढलं आणि प्रमुख पाहुण्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं. वर्ष वाचलं, कप वाचला, माझ्या पोराचं नाव वाचलं. टाळ्या. पाहुणे थांबतील कशाला? त्याच सुरात खालची ओळही वाचली: "प्रशिक्षकाच्या निम्म्या पगारात याच शाळेत गणित शिकवले जाते."

 मग मागून कोणीतरी एक टाळी वाजवली. मग दुसरी, तिसरी. शिक्षकांच्या रांगेत कोण कोण होतं ते मी वळून पाहिलं नाही. चेअरमनचा चेहरा असा झाला, जणू कोणी भर रस्त्यात त्यांच्या गाडीची हवा सोडलीय.

आणि तुम्हाला माहीत नाही, आठवड्यापूर्वी आम्ही सेमीफायनल हरलो. एका गोलने. गोलकीपर बाकावर बसून होता, माझ्या पोराने त्याला उतरवलंच नाही. सेक्रेटरी मार्कांची सोय करणार होते म्हणे, तरी का बसवला ते सांगत नाही.

आता सूनबाईंवर आलंय. हे तिनेच बापाकडून करवून घेतलं, असं संस्थेचं म्हणणं. चेअरमननी तिला बोलावून सांगितलं, "लिहून द्या की वडिलांचं वय झालंय, डोकं ठिकाणावर नसतं, आम्हाला वाईट वाटतं. वडिलांना बोलावून ती ओळ पुसून घ्या. नाही तर पुढच्या महिन्याच्या सभेत तुमच्या नोकरीचा विचार करावा लागेल." निवृत्तीपर्यंतची नोकरी म्हणून मी तुम्हाला ज्ञान शिकवलं होतं ना? घ्या.

तुम्ही माझ्या सुनेच्या पोटावर ब्रश फिरवलात. हसावं की रडावं कळत नाही, म्हणून चिडलोय.

व्याही

२० फेब्रुवारी

प्रिय लेकीस,

तुझ्या सासऱ्यांचं पत्र आलं. मला वाटलं होतं लोक वाचतील, लाजतील, आणि लाजून तुझा पगार वाढवतील. लाज कोणाला असते आणि कोणाला नसते हे मला या वयात कळायला हवं होतं.

तू लिहून दे. खुशाल दे. बापाचं डोकं ठिकाणावर नाही, गोळ्या विसरतो, शेगडीचे वास घेत फिरतो, काय लिहायचं ते लिही. मी वेडा ठरलो तर माझं काय बिघडतं? मला कोण पाट्या देणार आहे आता? हेडमास्तरांनी बोलावलंय, टर्पेंटाइनची बाटली आणि चिंध्या पिशवीत भरून ठेवल्यात. चार तारखेला येतो आणि पुसून टाकतो. तू फक्त नोकरी घालवू नकोस. आणि त्या मुलाला दोन मार्क द्यायला लावले असतील तर तेही मनाला लावून घेऊ नकोस, जावईबापूंचं मी बघून घेईन.

जेवतेस ना नीट?

बाबा

२६ फेब्रुवारी

बाबा,

जेवते. पण तुमच्यावर खूप चिडले आहे, ते आधी लिहिते.

पगार माझा. तो भिंतीवर लावायचा की नाही, हे मला विचारायचं होतं. वर्गात शिरले तर पोरं माझ्याकडे असं बघतात जणू मी उपाशी आहे. एका मुलीने डब्यातलं सँडविच पुढे केलं!

दुसरं. "जावईबापूंचं बघून घेईन" म्हणे. काय बघून घेणार? सेक्रेटरी आले आणि दोन-तीन मार्कांचाच प्रश्न आहे बाई म्हणाले, तेव्हा तुमचे जावई आत चहा करत होते. सेक्रेटरी गेल्यावर मीच त्याला म्हणाले, "देते मी मार्क. तुझा करार जायला नको." बाबा, मी म्हणाले हे. एवढी वर्षं फळ्यावर चूक सहन केली नाही, आणि मी म्हणाले. त्यावर तो म्हणाला, "तू दिलेस तरी मी त्याला बसवीन. पोराला येत नाही तर येत नाही. आणि माझ्यासाठी तू खोटं लिहिलंस तर मी त्या शाळेत तोंड दाखवणार नाही." यावरून आमचं भांडण. मी म्हणत होते देते, तो म्हणत होता नको. तुम्ही तिकडे बसून सगळं बरोबर उलटं लावलंत.

तो हरला आणि त्याला काढलं. सोमवारी कळवलं. कप आणला तेव्हा खांद्यावर, आणि आता निरोपाचा एक कागद, तोही शिपायाच्या हाती. मामंजी दोन दिवस बोलले नाहीत, आणि मामंजींनी न बोलणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. तो रोज संध्याकाळी त्या गोलकीपरला घरी बोलावून त्याची गणितं घेतो. त्याला स्वतःला अपूर्णांक येत नाहीत, म्हणून दोघं मिळून माझ्याकडे येतात.

आता ऐका. नवा प्रशिक्षक बाहेरून आणलाय, पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त देऊन. मैदानाला दिवे लागणार आहेत. आमच्या प्रयोगशाळेचा नळ दोन वर्षं गळतोय, तो तसाच.

तुम्ही वेडे आहात असं मी लिहून देणार नाही. तुम्ही वेडे ठरलात तर बोर्डावरची ओळ खोटी ठरते. चेअरमनच्या खोलीत संस्थेचे सगळे बसले होते, मी त्यांना एवढंच विचारलं, "ओळ चुकीची आहे का?" खोटी आहे असं एकानेही म्हटलं नाही. पुसा, एवढंच म्हणतात.

चार तारखेला या. टर्पेंटाइन आणा. सोनेरी रंगही आणा. मला भेटल्याशिवाय शिडीवर चढू नका.

तुमची लेक

५ मार्च

व्याहीबुवा,

काल मी तुमच्या गावात येऊन गेलो आणि तुमच्याकडे पाण्यालाही थांबलो नाही, त्याचं कारण खाली येईल. आधी तुमच्या पोराबद्दल. मी त्यांच्याविषयी जे लिहिलं ते माझ्याच तोंडावर पडलं. ती पत्रं असतील तर जाळा. कप आणणाऱ्याला दुप्पट कशाला म्हणून मी ओरडत होतो. आता त्याला काढून आणलेल्याला त्याहून जास्त देतात म्हटल्यावर मला वाटतं, तो पगार तुमच्या पोराचा नव्हताच. त्या खुर्चीतल्या लोकांच्या हौसेचा होता. माणूस बदलला तरी हौस तशीच. मला तर हा कारभार चेंडूपेक्षा गोल वाटतो, सुरुवात कुठे ते दिसतच नाही.

तर काल. लेक तासावर होती, भेट झाली नाही, आणि हेडमास्तरांनी मला थेट शिडीवर चढवलं.  चिंधी भिजवली, पहिल्या अक्षरावर धरली, तेवढ्यात हेडमास्तरांना फोन आला आणि ते बाहेर गेले. मी डोळे मिटून पुसायला लागणार, तर दारातून आवाज.

"बाबा, तिथे नाही."

लेक उभी. हाताला खडू. तिच्यामागे विज्ञानाच्या बाई, भाषेचे सर, चित्रकलेचे सर, आणि सगळ्यांच्या मागे जावईबापू. त्यांना शाळेत यायची आता परवानगी नाही म्हणे, पण आले होते.

"मग कुठे?" मी म्हणालो.

"'निम्म्या' पुसा. तेवढंच."

"अगं, पूर्ण पुसायची आहे ना? तुझी नोकरी..."

"बाबा, आकडा चुकलाय. नवा प्रशिक्षक आल्यापासून निम्मा राहिलेला नाही. एक-तृतीयांश झालाय. मी गणित शिकवते. माझ्या नावाने शाळेच्या भिंतीवर चुकीचं उत्तर राहायला नको."

"मुली, तुझी सभा आहे पुढच्या आठवड्यात!"

"म्हणूनच. सभेला येतील तेव्हा बरोबर दिसू दे."

मी जावईबापूंकडे पाहिलं. म्हटलं, हे तरी तिला समजावतील. ते शिडीपाशी आले आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. "तुम्ही रंगवा," म्हणाले, "मी हलू देत नाही."

व्याहीबुवा, मी "निम्म्या" पुसला. जागा तेवढीच, आणि त्यात "एक-तृतीयांश" बसवायचं. पगार कमी झाला तरी अक्षरं वाढली! बारीक करून, दाबून, कसंतरी बसवलं. चित्रकलेचे सर खालून सांगत होते, "काका, 'तृ' जरा सरळ." अपमान वाटायला हवा होता, पण 'तृ' खरंच तिरका झाला होता.

शेवटच्या अक्षरावर असताना हेडमास्तर परत आले.  त्यांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. मला वाटलं आता पोलिसच बोलावतात. ते लेकीला म्हणाले, "हे एक-तृतीयांश तुमचं झालं. माझं किती होतं?"

ती म्हणाली, "तुमचं अर्ध्याच्या जरा वर जाईल, सर."

त्यांनी मनाशी आकडा पुटपुटला. मग म्हणाले, "मी अजून फोनवर आहे. मला काही माहीत नाही," आणि निघून गेले. पण दार लावून गेले नाहीत. उघडं ठेवून गेले. मधली सुट्टी झाली तशी पोरं आत येऊन वाचायला लागली, आणि कोणी त्यांना हाकललं नाही.

मला थांबायचं होतं. लेकीनेच मला बसमध्ये बसवलं. म्हणाली, "तुम्ही इथे राहिलात तर सभेच्या दाराबाहेर जाऊन उभे राहाल आणि आत डोकं घालाल." खरंच आहे ते, मी घातलंच असतं. जावईबापूंनी खिडकीतून माझी पिशवी दिली आणि म्हणाले, "बाबा, गोळ्या वरच्या कप्प्यात." बस सुटली तरी दोघं तिथेच उभी होती.

इथे आल्यापासून जिवाला थारा नाही. काढलं तर घर कशावर चालणार? जावईबापू घरी बसलेले, आता ती पण. नाही काढलं तर मला उगाच वाटणार की आणखी काहीतरी वाईट होणार. भाषेचे सर म्हणाले होते की बोलवा न बोलवा, सगळे शिक्षक सभेच्या बाहेर बसणार आहेत. बसतील का? की घरी जातील? आणि त्या मुलाचं गणित?

सभा गुरुवारी आहे. तुम्ही दुपारी झोपू नका त्या दिवशी. शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभे राहा, आणि ती बाहेर आली की जे काय असेल ते लगेच लिहा. काढलं असेल तर तसं लिहा, लपवू नका. फोन करू नका, अर्धं ऐकून मी मरेन. दोनच ओळी लिहा, पण त्याच दिवशी पेटीत टाका.

तुमचा व्याही